१-८एस लायपो बझर: अलार्म म्हणून घ्या, मीटर म्हणून त्यावर विसंबू नका

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या बॅलन्स कनेक्टरला, म्हणजे प्रत्येक सेलची वायर बाहेर आणणाऱ्या बारीक कनेक्टरला खोचायचा, तीन आकडी लाल डिस्प्लेचा आणि दोन काळ्या भोंग्यांचा तो छोटा चेकर जवळपास प्रत्येक ड्रोनवाल्याच्या डब्यात असतो. वर नाव कुठलंही छापलेलं असो, आतला बोर्ड बहुतेक वेळा एकच. शे-दोनशे रुपयांचा मामला. ऑनलाइन मिळतो, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्या दुकानांतही मिळतो. अलार्म म्हणून त्याला पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. मीटर म्हणून अडीच. ओएसडीवर (उडवताना व्हिडिओवर उमटणाऱ्या आकड्यांत) व्होल्टेज चुकीचं दिसतंय म्हणून याच चेकरचा आकडा बघून फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मुख्य बोर्ड) कॅलिब्रेट करणारे बरेच आहेत, म्हणून या परीक्षणात त्याच्या अचूकतेवर जास्त लिहिलंय.

आधी चांगलं ते. नऊ पिना आहेत, ‘−’ खूण असलेल्या पिनेवर बॅटरीची काळी वायर आली पाहिजे. लावल्याबरोबर भोंगे एकदा जोरात वाजतात, मग एकूण व्होल्टेज आणि त्यामागोमाग एकेक सेल असं चक्र सुरू होतं. वरचं बटण दाबलं की अलार्मची मर्यादा ०.१ च्या टप्प्याने बदलते, २.७ ते ३.८ व्होल्टपर्यंत, आणि शेवटी ‘ऑफ’. बटणाला धक्का लागून चुकून ‘ऑफ’वर गेलेला चेकर दिसायला अगदी धडधाकट दिसतो, त्यामुळे उडवण्याआधी आकडा एकदा बघायचाच. १एसवर (एस म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले सेल, १एस म्हणजे एकच सेल) तो फक्त आकडा दाखवतो, अलार्म २एसपासून पुढे.

मर्यादा किती ठेवायची हे उडवण्याच्या पद्धतीवर आहे. संथ, घिरट्या घालत उडवणार असाल तर ३.५. फ्रीस्टाइल करत थ्रॉटल ठोकणार असाल तर ३.३, कारण ३.५ वर तो पहिल्या मिनिटापासून बोंबलेल. साधा हिशेब आहे: ४एस १३००-१५०० एमएएच पॅकचा एकूण अंतर्गत रोध २० मिलीओहम धरा, पूर्ण थ्रॉटलला ६० अँपिअर धरा, तर १.२ व्होल्ट तिथेच पडले. म्हणजे सेलमागे ०.३. थ्रॉटल सोडला की ते परत येतात. थंडीत सकाळी पन्हाळ्याच्या बाजूला उडवायला गेलात तर गारठलेल्या पॅकचा रोध वाढलेला असतो, आणि पहिला अर्धा मिनिट ही घसरण आणखी मोठी दिसते. बॅटरी अंगाजवळ, खिशात ठेवून न्यावी. उतरायचं कधी, तर हलक्या हॉवरमध्ये सेलमागे ३.५ दिसलं की. जमिनीवर मिनिटभराने तोच सेल ३.६५ ते ३.७ वर येतो.

आपल्याकडे, कोल्हापूर भागात, ड्रोन पडला की बहुधा उसात पडतो, आणि उसातला ड्रोन शोधायला हा बझर कामाला येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. येतो, पण उशिरा. सेल मर्यादेखाली गेल्याशिवाय तो वाजत नाही. पडलेल्या ड्रोनमध्ये फ्लाइट कंट्रोलर आणि व्हीटीएक्स (व्हिडिओ पाठवणारा ट्रान्समीटर) मिळून एक अँपिअरच्या आसपास घेत असतील, तर अर्ध्या भरलेल्या पॅकला तिथपर्यंत यायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि मग बॅटरीही खलास. शोधण्यासाठी स्वतःचा सेल असलेला वेगळा बीपर लावा.

आता अडीच गुण का, ते. पाकिटावर अचूकता ±०.०१ व्होल्ट लिहिलेली असते. प्रत्यक्षात एका सेलमागे दोन ते पाच शतांश व्होल्टचा फरक सर्रास मिळतो, आणि तो सगळ्या सेलना सारखा नसतो. कारण मापनाच्या पद्धतीत आहे. अशा स्वस्त चेकरमध्ये प्रत्येक बॅलन्स वायरचं व्होल्टेज काळ्या वायरपासून, रेझिस्टरच्या जोडीने विभागून मोजलं जातं आणि शेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून सेलचं व्होल्टेज काढलं जातं. पहिल्या सेलला मोजायचे ४.२ व्होल्ट, तिथे अर्धा टक्का चूक म्हणजे ०.०२. सहाव्या सेलसाठी मात्र २५.२ मधून २१ वजा होतात, आणि २५.२ वरची अर्धा टक्का चूक ०.१२ च्या पुढे जाते. शेवटचा सेल नेहमी ‘कमी’ किंवा ‘जास्त’ दाखवणारा चेकर हाती आला तर बॅटरीला दोष देण्याआधी दुसरे दोन-तीन पॅक लावून बघा. सगळ्यांचा तोच सेल तेवढाच चुकत असेल तर चूक चेकरची. एकाच पॅकमध्ये दिसत असेल तर तो सेल खरंच गेला.

उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस शाळेच्या पट्टीवरून मायक्रोमीटर सेट करत नाही. इथेही तेच. ओएसडीचा आकडा दुरुस्त करायचा तर त्याहून चांगलं माप हवं, आणि ते म्हणजे मल्टीमीटर. पण मल्टीमीटरही कुठला ते बघावं. डीटी८३० जातीच्या पिवळ्या मीटरची डीसी अचूकता ०.५ टक्के अधिक शेवटचे दोन आकडे. २० व्होल्टच्या रेंजवर १६.८ मोजताना हे साधारण ०.१ व्होल्ट होतात. ४एससाठी चालून जाईल. ६एसला मात्र २५.२ व्होल्ट २० च्या रेंजमध्ये बसतच नाहीत, २०० च्या रेंजवर जावं लागतं आणि तिथे हा मीटर दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत दाखवतो. त्यावर कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नाही. ६एसवाल्यांनी ६००० काउंटचा, म्हणजे २५ व्होल्टलाही दशांशाची दोन स्थळं दाखवणारा मीटर घ्यावा, किंवा बॅलन्स कनेक्टरवर एकेक सेल २० च्या रेंजवर मोजून बेरीज करावी. प्रोब सरकून दोन शेजारच्या पिना टेकल्या तर ठिणगी उडते आणि बॅलन्स वायर जळते, तेव्हा प्रोबच्या टोकाला थोडं टोक मोकळं ठेवून बाकी हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

स्वस्त मीटरची आणखी एक खोड: आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवायला लागतो. बॅटरीचं चिन्ह स्क्रीनवर दिसत असेल तर त्या मीटरचा एकही आकडा धरू नका. खात्रीच करायची तर एडी५८४ चा रेफरन्स मॉड्यूल ऑनलाइन मिळतो. २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देतो. १० वर तुमचा मीटर १०.०४ दाखवत असेल तर तुम्हाला तुमच्या मीटरची चूक कळली, पुढच्या प्रत्येक मोजणीतून ती त्याच प्रमाणात (इथे ०.४ टक्के) वजा करायची. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर आणखी सोपं. तिथले मीटर ठरावीक काळाने कॅलिब्रेट होतात, शेजारी शेजारी धरून एकदा ताडून घ्यावा.

माप खात्रीचं झालं की मग ड्रोनकडे वळायचं. प्रॉप (पंखे) काढा. हे पहिलं, आणि याला अपवाद नाही. पॅक लावा, यूएसबी लावा, कॉन्फिगरेटर (ड्रोनच्या सेटिंगचा संगणकावरचा प्रोग्राम) उघडा. आता तीन आकडे लिहून घ्यायचे: बॅटरीच्या एक्सटी६० या मुख्य कनेक्टरवर मल्टीमीटरने, फ्लाइट कंट्रोलरच्या व्हीबॅट (बॅटरीचं प्लस) आणि ग्राउंड पॅडवर मल्टीमीटरने, आणि ओएसडी किंवा कॉन्फिगरेटरमधला. बहुतेक लोक पहिला आणि तिसरा बघतात, मधला सोडतात, आणि चूक नेमकी कुठे आहे ते सांगतो तो मधलाच.

बॅटरी आणि पॅड जुळतात, ओएसडी वेगळा, तर प्रश्न स्केलचा, म्हणजे मोजलेल्या तुकड्याला ज्याने गुणलं जातं त्या आकड्याचा. कारण साधं: बोर्डवर १० किलोओहम आणि १ किलोओहमची जोडी व्होल्टेज अकरा भागांत वाटते आणि प्रोसेसर तो तुकडा वाचतो. बीटाफ्लाइट या फर्मवेअरमधला मूळ ११० चा स्केल (तो पुढे १० ने भागला जातो) या ११ वरूनच आलाय. रेझिस्टर एक टक्क्याचे असले तरी एक वर आणि एक खाली गेला की गुणोत्तर जवळपास १.८ टक्क्यांपर्यंत हलतं. १६.८ वर ते ०.३ व्होल्ट. म्हणजे कारखान्यातून आलेला, काहीही न बिघडलेला बोर्डसुद्धा इतका चुकू शकतो.

नवा स्केल = जुना स्केल × मल्टीमीटर ÷ ओएसडी. समजा मल्टीमीटर १६.४२, ओएसडी १६.०५, स्केल ११०. उत्तर ११२.५४. बीटाफ्लाइटमध्ये स्केल पूर्णांकातच लिहावा लागतो. ११२ लिहिलात तर १६.३४ दिसेल, ११३ लिहिलात तर १६.४९. दोन्हीकडे सात-आठ शतांशाची चूक राहते, कारण स्केलचा एक आकडा म्हणजे भरलेल्या ४एसवर ०.१५ व्होल्ट. यावर उपाय त्याच पानावर आहे आणि फार कमी लोक वापरतात. डिव्हायडर व्हॅल्यू (स्केलला भागणारा आकडा) १० ची २० करा आणि स्केल दुप्पट, म्हणजे २२५. आता १६.४२ ला १६.४१ दिसेल. स्केलची कमाल मर्यादा २५५ आहे, त्यामुळे २० पर्यंत डिव्हायडर वाढवायला जागा मिळते, त्यापुढे फारशी नाही.

हे झालं की सेव्ह करून पॅक अर्धा वापरा आणि १५ व्होल्टच्या आसपास पुन्हा ताडा. वर जुळलं आणि खाली नाही जुळलं तर तो स्केलचा दोष नव्हताच. बीटाफ्लाइटमध्ये करंटला ऑफसेट आहे, व्होल्टेजला नाही. अशा वेळी ग्राउंडची वायर, बोर्डवर सांडलेला फ्लक्स, पावसाळ्यात दमटपणाने गंजलेली पॅडं हे बघायचं. गगनबावडा-राधानगरीकडे पावसात उडवून आणलेले बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवून, पूर्ण सुकवून मगच मोजावेत. आणि फर्मवेअर नव्याने टाकताना ‘फुल चिप इरेज’ केलंत की स्केल परत मूळ आकड्यावर जातो, तेव्हा सीएलआयमधली (कॉन्फिगरेटरच्या कमांड लाइनमधली) ‘डिफ ऑल’ची, म्हणजे बदललेल्या सगळ्या सेटिंगची प्रत आधी जपून ठेवा.

सेलच्या मोजणीची भानगड मात्र सगळ्यात जास्त लोकांना चकवते. बॅटरी लावल्यावर बीटाफ्लाइट एकूण व्होल्टेजला ४.३० ने भागतं आणि पूर्णांकात एक मिळवतं. १६.८ भागिले ४.३ म्हणजे ३.९, पूर्णांक ३, अधिक एक, चार सेल. आता स्केल चुकून ओएसडी १७.४ दाखवत असेल तर भागाकार ४ च्या पुढे जातो आणि पॅक पाच सेलचा ठरतो. १७.४ भागिले ५ म्हणजे ३.४८. इशाऱ्याची मर्यादा ३.५०. परिणाम: चार्जरवरून काढलेली ताजी बॅटरी लावल्यावर लगेच ‘लो बॅटरी’. लोक बॅटरी बदलतात, चार्जर बदलतात, दोष स्केलमध्ये असतो. भरलेल्या पॅकवर २.४ टक्के जास्त दाखवलं की एवढं होतं.

६एसला याच्या उलट धोका आहे आणि तो जास्त वाईट. अर्धवट वापरलेला ६एस पॅक २१.३ वर आला आणि तुम्ही तो काढून पुन्हा लावलात, तर २१.३ भागिले ४.३ पाचाच्या आत येतं आणि पॅक पाच सेलचा समजला जातो. मग सेलमागे ४.२६ दिसतं, म्हणजे भरलेला. खरा सेल ३.५५ वर आहे. तसंच उडवलं तर इशारा येईपर्यंत सेल पार ३ च्या खाली गेलेले असतात. एकाच प्रकारचे पॅक वापरत असाल तर सीएलआयमध्ये फोर्स बॅटरी सेल काउंट ६ करून टाका, विषय संपला. एलआयएचव्ही (जास्त व्होल्टेजपर्यंत भरता येणारे लायपो) पॅक ४.३५ पर्यंत भरत असाल तर कमाल सेल व्होल्टेज ४.४० करा, नाहीतर तेही एक सेल जास्त मोजलं जातं.

बॅटरी आणि पॅड यांच्यातच फरक असेल तर स्केलला हात लावायचा नाही. नुसत्या चालू ड्रोनमध्ये करंट एक अँपिअरच्या आतबाहेर असतो. तेवढ्यावर ०.१ व्होल्ट पडत असतील तर फ्लाइट कंट्रोलर आणि ईएससी (मोटारींचा वेग सांभाळणारा बोर्ड) यांच्यामधली आठ पिनांची बारीक केबल बदलून बघा, तिचा एखादा क्रिंप सैल असतो. कोरा शून्य दिसत असेल तर व्होल्टेज मीटरचा सोर्स बघा. ‘ईएससी सेन्सर’ निवडलंय आणि टेलिमेट्रीची वायरच नाही, असं खूपदा निघतं. ‘ऑनबोर्ड एडीसी’ करा. फक्त यूएसबीवर असताना दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

जाड वायरवरचा दोष मात्र टेबलावर दिसत नाही. एक्सटी६० च्या सोल्डरमध्ये ५ मिलीओहमचा ड्राय जोड असेल तर एक अँपिअरला ५ मिलीव्होल्ट, कुणालाही कळणार नाहीत. ६० अँपिअरला तेच ०.३ व्होल्ट आणि १८ वॉट उष्णता, कनेक्टरचं पिवळं प्लास्टिक वितळायला पुरेशी. ड्राय जोड डोळ्यांनीही ओळखता येतो. चांगलं सोल्डर वायरच्या प्रत्येक तारेत शिरून कडेला सपाट उतरतं, चमकतं. ड्राय जोडावर राखाडी, दाणेदार गोळा बसलेला असतो, वायर कपात उभी दिसते आणि हलवली की कडेला बारीक चीर दिसते. ४० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने १२ गेजची जाड वायर तापतच नाही, ६० ते ८० वॉटचा रुंद बिटाचा लागतो. पॅक काढलेला असावा, आणि रिकाम्या कनेक्टरमध्ये दुसरा एक्सटी६० खोचून ठेवावा म्हणजे पिना वाकड्या होत नाहीत.

मोजून खात्री करायची तर गॅरेजमध्ये मिळणारे १२ व्होल्ट ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब सिरीजमध्ये जोडा आणि ते ईएससीच्या बॅटरी पॅडवर जाड वायरने लावा. ४एसवर सुमारे ४ अँपिअर वाहतात. आता मीटर २०० मिलीव्होल्टच्या रेंजवर घेऊन एक प्रोब बॅटरीकडच्या जोडावर आणि दुसरी ईएससीच्या त्याच रंगाच्या पॅडवर ठेवा. लाल ते लाल, काळी ते काळी. दहा मिलीव्होल्टच्या आत असेल तर जोड ठीक. वीस-पंचवीस दिसले तर तो जोड उघडून पुन्हा करा. बल्ब प्रचंड तापतात, ड्रोनपासून लांब, फरशीवर ठेवा आणि मिनिटभरात उरका.

आकडा थ्रॉटलबरोबर सावकाश घसरून परत येतो तो बॅटरीचा स्वभाव. थरथरतो, उड्या मारतो, तो मोटारींचा गोंगाट. ईएससीच्या पॅडवर लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर असलाच पाहिजे, ४एसला ४७० आणि ६एसला १००० मायक्रोफॅरड, दोन्हीला ३५ व्होल्टचा. पाय जितके आखूड ठेवता येतील तितके ठेवा. शेवटची हॉवर चाचणी मोकळ्या रानात घ्या, आणि उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने जागा ड्रोनसाठीच्या सरकारी हवाईक्षेत्राच्या नकाशावर (डिजिटल स्काय) आधी बघून घ्या.

परत बझरकडे. विकत घेतल्यावर पहिलं काम: मागच्या उघड्या पिनांवर पारदर्शक हीटश्रिंक चढवा, कार्बन फ्रेमला टेकल्या तर थेट शॉर्ट. उडवताना बॅलन्स वायर वेल्क्रोखाली दाबून टाका, मोकळी राहिली तर प्रॉप ती पहिल्या झटक्यात कापतो. मोजून झाल्यावर बझर बॅटरीला लावून ठेवू नका. तो स्वतःला लागणारा करंट पहिल्या एक-दोन सेलमधूनच घेतो, रात्रभर राहिला तर पॅक असमतोल होतो आणि काही दिवस राहिला तर ते सेल कायमचे जातात. घरी ठेवायचे पॅक ३.८० ते ३.८५ वर आणून, बझर काढून, पत्र्याच्या डब्यात. ४एसपर्यंतच्या ड्रोनला हा बझर आणि एक साधा, चांगल्या बॅटरीचा मल्टीमीटर एवढ्यात काम भागतं. ६एस उडवणाऱ्यांनी बझर अलार्मसाठी घ्यावा आणि सेल मोजायला अचूकतेची हमी देणारा, एलसीडी पडद्याचा सेल मीटर वेगळा घ्यावा. किंमत पाच-सात पट जास्त, पण एका ६एस पॅकच्या किमतीपुढे ती कमीच आहे.